खिळ्यापासून फाँटपर्यंत : आकार कुणाच्या सेवेत?

लुई सलिवन या अमेरिकन वास्तुरचनाकाराने १८९६ साली उंच कार्यालयीन इमारतींविषयी एक निबंध लिहिला आणि आकार हा कार्याच्या मागून येतो, हे सूत्र त्यात मांडले. पुढे आधुनिकतावाद्यांनी ते उचलले आणि नक्षीकामाविरुद्ध हत्यारासारखे वापरले. खुद्द सलिवनच्या इमारती मात्र भाजलेल्या मातीच्या वेलबुट्टीदार फरशांनी मढलेल्या आहेत. साधेपणा म्हणजेच उपयुक्तता, असे त्याला म्हणायचे नव्हते हे उघड आहे. सूत्राची खरी उणीव वेगळी आहे. कार्य कुणाचे, हे ते सांगत नाही. घडवणारा, चालवणारा, विकणारा आणि वापरणारा यांची कामे वेगवेगळी असतात आणि पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात. आकाराने यांतल्या कुणाचे ऐकले, यावरून रचनेची पारख करावी लागते. मराठी छापील अक्षराचा प्रवास या कसोटीवर तपासला, तर विसाव्या शतकाचा बराच काळ आकार यंत्राच्या मागे गेला आणि वाचकाने त्याच्याशी जुळवून घेतले, असे दिसते. आज यंत्राची अडचण संपली आहे, पण तिच्याबरोबर लागलेली सवय सुटलेली नाही.

सुरुवात अशी नव्हती. जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत टाईप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी त्यासाठी कोरलेले टाईप पुढे संस्कृत आणि मराठी ग्रंथांमधून दूरवर पोचले. रोमन जुळणीचे काम शंभर-सव्वाशे खिळ्यांत, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांत, भागे. देवनागरीला कित्येक शे खिळे लागत. ‘क्त’, ‘द्ध’, ‘ह्म’, ‘ष्ट’ अशा जोडाक्षरांना स्वतंत्र खिळे हवेत, शिवाय मात्रा, वेलांट्या, उकार, रफार यांची अक्षराशी नीट सांगड बसायला हवी. जुळाऱ्याला खिळ्यांच्या मोठ्या खणपेटीत हात फिरवावा लागे, काम सावकाश चाले. पण पानावर उतरे ते बोरूच्या वळणाशी नाते राखणारे, सलग अक्षर. इथे आकाराने वाचकाचे ऐकले आणि त्याची किंमत कारखान्याने व जुळाऱ्याने मोजली.

विसाव्या शतकात हा हिशेब उलटू लागला. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटवण्यासाठी बराच खटाटोप केला. सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत इ, ई, उ, ऊ ही अक्षरे बाजूला सारून ‘अ’लाच वेलांट्या आणि उकार द्यावेत, असा आग्रह धरला. १९३०च्या दशकात हरी गोविल यांनी अमेरिकेत लायनोटाईप यंत्रावर देवनागरी बसवली, तेव्हा यंत्राच्या कळांत मावतील तेवढेच आकार ठेवणे भाग होते. टंकलेखन यंत्राने तर अर्धी अक्षरे शेजारी शेजारी ठेवून जोडाक्षरे साधली आणि अरुंद ‘र’ व रुंद ‘ख’ यांना ठरावीक जागेत कोंबले. १९५३ साली लखनौच्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उजवीकडे नेण्याची शिफारस केली. लोकांच्या हाताने ती स्वीकारली नाही. या सर्व प्रयत्नांमागची तळमळ खरी होती. पण त्यांत एक समान गृहीतक होते: यंत्र आहे तसे राहणार, बदलायचे ते लिपीने.

यावर रास्त आक्षेप घेता येतो. खिळे कमी झाले म्हणून जुळणी झपाट्याने होऊ लागली, छपाई स्वस्त झाली आणि वर्तमानपत्र सामान्य माणसापर्यंत गेले. स्वस्ताई हीदेखील वाचकाचीच सेवा नव्हे काय? आहे, आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र तडजोडीला सुधारणा म्हटले की दोष यंत्राच्या माथ्यावरून लिपीच्या माथ्यावर जातो, आणि कारण संपल्यावरही तडजोड रेंगाळत राहते. शालेय पाठ्यपुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असे फोडून छापलेले शब्द दिसतात. नव्याने वाचायला शिकणाऱ्या मुलाला जोडाक्षराचे घटक सुटे दिसावेत म्हणून तसे केले असेल, तर त्या आकाराला वाचकाच्या कामाचा आधार आहे. पण कादंबरी वाचणारा प्रौढ ‘द्य’ एका नजरेत ओळखतो. त्याच्यापुढे तेच जोडाक्षर पाय मोडून ठेवले, तर त्याची नजर उगाच अडते. एकच आकार एका वाचकाला उपकारक आणि दुसऱ्याला अडसर ठरू शकतो. म्हणून कार्याची चर्चा वाचकाचे वय, मजकुराची लांबी आणि वाचनाची जागा यांच्यासकट व्हायला हवी.

संगणकाने या वादाचा पायाच बदलला. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात जागा आहे. ओपनटाईप तंत्रामुळे कळा किती आणि आकार किती, यांचा संबंध तुटला. मूठभर कळांमागे शेकडो जोडाक्षरे उभी राहू शकतात. जावजींच्या कारखान्याने मोठ्या खर्चाने जे साधले, ते आता कोणत्याही फाँटला शक्य आहे. तरीही मराठी मजकूर पडद्यावर पुष्कळदा हिंदी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’मध्ये दिसतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीसाठी प्रमाण मानले. फाँटमध्ये भाषेनुसार आकार बदलण्याची सोयही करता येते. तंत्र आहे, नियम आहे, पण दोन्ही सर्वत्र लागू व्हावेत याची काळजी कुणी वाहत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत तर प्रश्न वळणापुरता उरत नाही. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या खोल जागा. हा भेद न दाखवू शकणारा फाँट कितीही देखणा असला तरी मराठीसाठी अपुराच आहे, कारण इथे आकार हेच कार्य आहे.

आजच्या कामाचे चित्र या दृष्टीने मिश्र आहे. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ विंडोज २०००बरोबर संगणकांवर आला. त्या काळच्या ठळक ठिपक्यांच्या पडद्यावर, छोट्या आकारात वाचता यावा हे त्याचे काम होते आणि ते त्याने केले. त्यातच छापील पत्रके आणि पुस्तके काढली गेली, हा दोष फाँटचा नसून निवडणाऱ्याचा आहे. त्यानंतरच्या पिढीत ‘एक टाईप’ या मुंबईच्या गटाच्या ‘मुक्ता’ने सलग मजकुराचा विचार केला. ‘तिरो देवनागरी मराठी’मध्ये मराठी वळणे मुळातच दिलेली आहेत. ‘बलू’, ‘मोदक’, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला ‘यात्रा’ हे शीर्षकासाठीचे फाँट ताजे आणि धीट आहेत. पण तोल शीर्षकांकडे झुकला आहे. तीनशे पाने न थकता वाचता यावीत अशा पुस्तकी फाँटची निवड अजून तोकडी आहे. त्यात भर म्हणून रोमनशी जोडी जमवण्याचा सोस आहे: देवनागरीची उंची, जाडी, पोकळ्या शेजारच्या रोमन अक्षरावरून ठरतात. बोरूचा तिरपा काप जाडबारीक रेषा रोमन लेखणीच्या उलट अंगाने पाडतो, हे विसरून उसना घेतलेला उतार अक्षराला परका करतो. वर मात्रा आणि खाली उकार घेणाऱ्या लिपीला ओळींमध्ये अधिक मोकळी जागा लागते, हे तर पुष्कळ संकेतस्थळांच्या गावीही नसते. यंत्राची जागा आता शेजारच्या लिपीने घेतली आहे, एवढाच फरक.

कुणी म्हणेल, वाचनीयता ही निव्वळ सवय आहे. डोळ्यांना कोणताही आकार अंगवळणी पडतो. सवय वळण पचवते, हे खरे. पण बारीक आकारात बुजलेली पोकळी, ओळीवर आदळणारा उकार किंवा पुसला गेलेला अर्थभेद सवयीने भरून निघत नाही. दुसरा आक्षेप सौंदर्याच्या बाजूने येतो: सगळे उपयोगालाच वाहिले, तर कलेला जागा कुठे? कमल शेडगे यांची नाटकांच्या नावांची अक्षरे याचे उत्तर देतात. वर्तमानपत्राच्या गर्दीत नाटकाची प्रकृती एका नजरेत पोचवणे हेच त्या अक्षराचे काम होते, आणि ते नेमकेपणाने केल्यामुळेच ते सुंदर झाले. सौंदर्य कार्याच्या बाहेर उभे नसते. मात्र शीर्षकातला तो उठाव मजकुरात आणला, तर तोच अडथळा होतो.

म्हणून देवनागरी टाईपच्या समीक्षेने आता कौतुकाची भाषा सोडून कसोट्या मागितल्या पाहिजेत. प्रकाशकाने फाँट निवडताना एक संपूर्ण प्रकरण छापून वाचून पाहावे. शासनाने स्वतःचाच २००९चा निर्णय स्वतःच्या संकेतस्थळांवर पाळावा. कला महाविद्यालयांनी सुलेखनाइतकेच महत्त्व मजकुराच्या अक्षराला द्यावे. पूर्वी लिपीला यंत्रापुढे झुकावे लागले, त्याला निदान नाइलाज होता. आज जे चुकीचे छापले जाते ते आपण निवडलेले असते, आणि निवडीचा जाब विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे.