मीठ कोठून येते?

काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत मी एक राज्य निर्माण केले होते. चहूबाजूंनी डोंगर, दोन नद्या, पाच किल्ले, एक दुष्ट दिवाण आणि एक फार सुंदर राजकन्या. वर्गात भूगोल शिकवण्याची सवय असल्यामुळे पहिल्या पानावर हौसेने नकाशाही काढून दिला होता. या राज्याला शत्रूने तीन वर्षे वेढा घातला, तरी प्रजा डगमगली नाही, असे कथानक. नियतकालिकांतून दोन-तीन बरे अभिप्राय आले. मी शिकलेलो मॅट्रिकपर्यंत. तेव्हा विद्वानांनी चार ओळी लिहिल्या याचाच मला आनंद मोठा.

आमच्या गावात एक वृद्ध वाणी आहेत. सारे गाव त्यांना नाना म्हणते. आयुष्यभर दुकानाच्या गादीवर बसून त्यांनी मिळेल ते वाचले. माझीही कादंबरी त्यांनी वाचली आणि एके दिवशी मी काडेपेटी घ्यायला गेलो असता चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "गुरुजी, पुस्तक झकास आहे. पण तुमच्या राज्यात मीठ कोठून येतं?"

मी हसलो. घरी येऊन पत्नीला सांगितले, तीही हसली. रात्री मात्र झोप लागेना. माझ्या राज्याला समुद्र नव्हता, मिठाची खाण नव्हती, आणि दोन्ही शेजारी वैरी. मग तीन वर्षे ही माणसे आमटीत काय घालीत होती? राजकन्येच्या पैठणीचे काठ मी पाऊण पान वर्णिले होते. तिच्या पानातल्या मिठाची मला आठवणही झाली नव्हती.

हा प्रश्न वाण्याच्या तागडीपुरता आहे असे कोणी समजू नये. ज्या देशाला समुद्र नाही त्याच्या सगळ्या इतिहासाला हाच प्रश्न चिकटलेला असतो. आपल्याकडे कोकणातले मीठ घाट चढून देशावर येई ते बैलांच्या पाठीवरून. ते आणणारे वंजाऱ्यांचे तांडे, वाटेवरचे चौकीदार, जकात घेणारे, जकात चुकवणारे, एवढी माणसे मिठाच्या एका गोणीमागे उभी असत. नेपाळच्या डोंगरी भागात तिबेटचे मीठ येई आणि त्याच्या बदल्यात धान्य वर जाई. 2015 साली नेपाळने नवी राज्यघटना स्वीकारली आणि त्यानंतर काही महिने भारताच्या सीमेवरची वाहतूक अडून राहिली. काठमांडूच्या चुलींना गॅस मिळेना. घटना कितीही चांगल्या शाईने लिहिलेली असो, समुद्राकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या अंगणातून जात असली की त्या घटनेच्या कलमांनाही ती वाट विचारात घ्यावी लागते.

नानांच्या प्रश्नाने अस्वस्थ होऊन मी शाळेच्या कपाटातले एक जुने पुस्तक पुन्हा काढले. अँथनी होपचे 'द प्रिझनर ऑफ झेंडा'. लहानपणी हे नाव प्रथम ऐकले तेव्हा कोणी देशभक्त झेंड्यासाठी तुरुंगात गेला असावा अशी माझी समजूत झाली होती. पुढे कळले की झेंडा हे गावाचे नाव, आणि ते गाव रुरिटानिया नावाच्या देशात. हा देश पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. तथापि कायद्याच्या आणि अर्थशास्त्राच्या ग्रंथकारांना उदाहरणासाठी एखादा काल्पनिक देश हवा झाला की ते आजही त्याचेच नाव घेतात.

होप हा लंडनचा तरुण वकील. 1893 च्या नोव्हेंबरात कोर्टातून परत येताना ही कल्पना त्याला सुचली, महिन्याभरात पहिला खर्डा झाला आणि 1894 साली पुस्तक बाहेर पडले. एक इंग्रज गृहस्थ, रुडॉल्फ रॅसेंडिल, ड्रेस्डेनहून आगगाडीने सरहद्द ओलांडतो. झेंडा सरहद्दीपासून दहा मैल, राजधानी स्ट्रेल्सौ तेथून पन्नास मैल. हा गृहस्थ हुबेहूब राजासारखा दिसतो. राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजाला गुंगीची दारू पाजली जाते. आणि मग हा परका माणूस सिंहासनावर बसून राज्य आणि राजकन्या दोन्ही सांभाळतो. गोष्ट अशी की हातातले पुस्तक खाली ठेववत नाही. यंदा पुन्हा वाचतानाही चुलीवरचे दूध उतू गेले, आणि त्याचा दोष माझ्या माथी आला.

परंतु या खेपेस मी पुस्तक वाचले ते नानांच्या दुकानात बसून वाचावे तसे. आणि तसे वाचल्यावर दोन जागा डोळ्यांत भरल्या.

पहिली जागा झेंड्याच्या खाणावळीतली. खाणावळ चालवणारी म्हातारी पाहुण्याला सांगते की तिला राजापेक्षा त्याचा सावत्र भाऊ मायकेल अधिक पसंत आहे. का? तर तो आमच्यात राहिला, आम्ही त्याला ओळखतो. राजा सदा परदेशी, दहातल्या एकालाही त्याचे तोंड ठाऊक नाही. दुसरी जागा राजधानीच्या वर्णनातली. बाहेर रुंद रस्त्यांची नवी वस्ती, तेथे वरचे लोक. आत जुने शहर, त्याच्या दुकानांमागे दाटीचे, गरिबीने पिचलेले बोळ. नवी वस्ती राजाच्या बाजूची, जुने शहर मायकेलच्या बाजूचे. होपने हे चार ओळींत सांगून टाकले आहे आणि त्या बोळांतल्या लोकांना बव्हंशी गुन्हेगार ठरवून तो पुढे गेला आहे.

मला येथे थांबावेसे वाटते. एका देशातली गरीब वस्ती आणि खाणावळीतली कष्टकरी बाई एका माणसाच्या बाजूने आहेत, आणि कादंबरी आपल्याला पहिल्यापासून बजावते की तोच खलपुरुष. तो दुष्ट आहे हे खरे. पण त्याच्याकडे सिंहासन नाही ते त्याच्या दुष्टपणामुळे नव्हे, त्याची आई पुरेशा वरच्या कुळातली नव्हती म्हणून. याउलट राजा दारूबाज, बेफिकीर, परदेशी रमणारा, तरी कायदेशीर. दोघांतून निवड करण्याचा प्रसंग आला तेव्हा लेखकाने तिसराच, लंडनहून आलेला माणूस गादीवर बसवला. प्रजेला कोणी विचारले नाही. प्रजेने निवडून दिलेला एकही माणूस आपल्याला भेटत नाही. भेटतात ते सरदार, सेनापती आणि सेवक. 1898 च्या 'रूपर्ट ऑफ हेंट्झौ' या उत्तरार्धात तर खरा राजाही मरतो आणि खोटाही मरतो, आणि राणी एकटी राज्य करू लागते. पुढे त्या देशाचे काय झाले हे विचारण्याची वाचकाला इच्छाच उरत नाही, कारण देश असा तेथे नव्हताच. एका गृहस्थाच्या तीन महिन्यांच्या पराक्रमासाठी उभारलेला तो मांडव होता.

हा मांडव आपल्या देशातही उभा राहिला. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी 1938 साली 'झिंदेर बंदी' लिहिली. झेंड्याचे ऋण नावातच मान्य करून. झिंद आणि झडोया ही मध्य भारतातली दोन कल्पित संस्थाने. 1961 साली तपन सिंह यांनी तिच्यावर चित्रपट काढला, त्यात उत्तमकुमारांची दुहेरी भूमिका होती. शरदिंदु आपल्यालाही परके नव्हेत. मुंबईच्या चित्रपटव्यवसायात ते आले आणि 1952 पासून अखेरपर्यंत पुण्यात राहिले. त्यांचे काम होपपेक्षा एका परीने सोपे होते. इंग्रज वाचकाला रुरिटानिया दूरची, पण 1938 च्या हिंदी वाचकाला आगगाडीच्या प्रत्येक दुसऱ्या दिवशी एखादे संस्थान लागे. 1947 साली त्यांची संख्या साडेपाचशेवर होती. झिंद खोटे वाटण्याचे कारण नव्हते.

आणि नेमकी येथेच मला त्या कादंबरीबद्दल हळहळ वाटते. ज्या 1938 साली झिंदच्या वाड्यात तलवारी खणखणत होत्या, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आपल्या औंध संस्थानात एक राजा आपण होऊन सत्ता खाली ठेवण्याची भाषा बोलत होता. औंध म्हणजे लहानसे, तुटक तुटक मुलखाचे, दुष्काळी राज्य. समुद्राचे वारेही तेथे पोचत नाही. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली प्रजेला राज्यघटना दिली. तिच्या मागे महात्माजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश इंजिनियरची खटपट होती. गावच्या पंचायतीपासून कारभार वर चढत जावा अशी ती रचना. आटपाडीजवळ त्याच संस्थानात कैद्यांची उघडी वसाहतही निघाली, आणि त्यावरून सुचलेला 'दो आँखें बारह हाथ' 1957 साली आपण सर्वांनी, निदान आपल्या वडीलधाऱ्यांनी, डोळे पुसत पाहिला. परदेशातून आलेला माणूस राज्यात शिरतो आणि त्याचे नशीब पालटतो, ही होपची गोष्ट औंधात खरी घडली. फरक इतकाच की तेथल्या परक्याने मुकुट घातला नाही, राजालाच तो उतरवायला मदत केली. हे कथानक कोणा कादंबरीकाराला सुचले असते तर आम्ही त्याला भाबडा म्हटले असते.

मग कल्पित देश रचूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांनी तरुणपणीच ऑर्सिनिया नावाचा देश कल्पिला आणि तो जन्मभर सोडला नाही. हाही मध्य युरोपातलाच. राजधानीचे नाव क्रास्नॉय. 1976 च्या 'ऑर्सिनियन टेल्स'मध्ये प्रत्येक कथेच्या शेवटी फक्त एक साल छापलेले आहे, बाराव्या शतकापासून विसाव्यापर्यंतचे, आणि ती सालेही उलटसुलट. त्यांनी इतिहास सांगितलेला नाही; तो माणसांच्या अंगावरून जाऊ दिला आहे. त्यांच्या देशावर युरोपचे खरे दिवस येतात: ऑस्ट्रियाचे साम्राज्य, महायुद्धे, 1956 चे वर्ष. 1979 च्या 'मालाफ्रेना' कादंबरीतला इताले सोर्दे हा जमीनदाराचा मुलगा स्वातंत्र्याच्या वेडाने राजधानीला जातो, नियतकालिक चालवतो, तुरुंगात सडतो, आणि अपयश घेऊन घरच्या सरोवराकाठी परततो. रॅसेंडिलला देश जिंकता आला कारण तो त्याचा नव्हता.

याच संग्रहातली एक लहानशी गोष्ट मला फार लागली. पॅरिसच्या परिषदेस पाठवलेला एक शास्त्रज्ञ व्हर्सायच्या कारंज्यांपाशी आपल्या पहारेकऱ्यांच्या नजरेतून निसटतो. आता पळून जायला कोणाची आडकाठी नाही. तो सगळी संध्याकाळ मोकळा भटकतो आणि आपल्या पायांनी परत जातो. आणि 1990 च्या 'अनलॉकिंग द एअर'मध्ये ऑर्सिनियातलीच माणसे चौकात जमून आपल्या घरांच्या किल्ल्या वाजवतात. 1989 च्या हिवाळ्यात प्रागच्या चौकांत अशाच किल्ल्या खरोखर वाजल्या होत्या. बंदिस्त देशातल्या माणसाच्या खिशात किल्लीच असायची. तिला दुसरे काय वाजवता येणार?

प्रागचे नाव निघाले म्हणून सांगतो. शेक्सपिअरने आपल्या एका नाटकात बोहेमियाला समुद्रकिनारा देऊन टाकला, आणि बेन जॉन्सनने त्याबद्दल त्याची टर उडवली. पण पुढे गंमत झाली. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 च्या व्हर्सायच्या तहाने, याच बोहेमियाच्या नव्या राष्ट्राला जर्मनीच्या हाम्बुर्ग बंदरात भाडेपट्ट्याने जागा मिळण्याची सोय झाली. नव्याण्णव वर्षांचा तो पट्टा 2028 पर्यंत चालतो. शेक्सपिअरची चूक मुत्सद्द्यांनी भाडे भरून सुधारली. नानांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बघा, त्या साहेबांनीसुद्धा मिठाची सोय पाहिली."

सध्या मी माझ्या कादंबरीत दुरुस्त्या करतो आहे. प्रकाशकांच्या माडीवर पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे पडून आहेत, त्यामुळे दुसरी निघेल असे नाही. तरी करतो आहे. पश्चिमेच्या डोंगरात एक चोरवाट काढली आहे, तिच्यावरून अमावास्येच्या रात्री मिठाचे बैल येतात. तांड्याच्या नायकाची एक मुलगीही आली आहे आणि तिच्यापुढे माझी राजकन्या दिवसेंदिवस फिकी पडत चालली आहे. नवे प्रकरण मागच्या आठवड्यात नानांना वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकले, मग दुकानातल्या पोराला चहा सांगितला आणि मला विचारले, "आणि त्या चोरवाटेवर जकात कोण घेतो?"