परक्या शहरातील पहिला दिवस

मराठी प्रवासवर्णनांत एक वहिवाट आता पक्की होऊन बसली आहे. परक्या शहरात उतरताच लेखक प्रथम दिपतो, मग फजीत होतो, घरच्या आमटीभाताची आठवण काढतो, आणि दुसऱ्या प्रकरणापासून स्थळदर्शनाला लागतो. पहिल्या दिवसाचे हे प्रकरण बहुधा पुस्तकात सर्वांत खुसखुशीत असते. परंतु त्यावरून त्या शहराविषयी काय कळले असे कोणी विचारले, तर आमची पंचाईत होते.

याचे खापर काही लोक पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'वर (१९६०) फोडतात. ते आम्हांस अन्यायाचे वाटते. पु. लं.च्या पिढीतील सुशिक्षिताच्या मनात लंडन शहर पुस्तकांच्या द्वारे आधीच वसलेले होते. मनातले आणि समोरचे लंडन यांची गाठ पडताना जो गोंधळ उडतो, तोच त्यांच्या विनोदाचा खरा विषय. मागून आलेल्यांनी फजिती तेवढी उचलली.

आमच्या मते या प्रकाराचा कस पाहावयाचा तर थोडे मागे जावे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते कर्जाच्या विवंचनेने, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. 'माझा प्रवास' (१९०७) या त्यांच्या पुस्तकातील झाशी म्हणूनच इतकी जिवंत आहे. भटजींना त्या शहराकडून काही हवे होते. आश्रय कोठे मिळेल, दाता कोण, याची चौकशी करता करता त्यांनी सारे शहर पाहून घेतले, आणि पुढे त्याची लूटही त्यांस पाहावी लागली. पंडिता रमाबाईंचे तसेच. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या १८८६ साली फिलाडेल्फियास गेल्या. १८८९ च्या त्यांच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या ग्रंथात आश्चर्य आहे, पण त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतो: येथल्या स्त्रियांनी हे कसे साधले, आणि आपल्याकडे ते कसे साधेल? पाहुण्याला शहर दिसते. गरजवंताला ते उकलावे लागते.

आता दिल्लीविषयी. येथे १९५४ साली साहित्य संमेलन भरले, आणि पुन्हा २०२५ साली तालकटोरा स्टेडियममध्ये. दोहोंच्या मधल्या ७१ वर्षांत केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त किती मराठी कुटुंबे येथे आली! तरीही करोलबागेत भाड्याची खोली शोधणाऱ्या, किंवा रामकृष्णपुरमच्या सेक्टरांत एकसारख्या इमारतींमधून आपले दार हुडकणाऱ्या मराठी माणसाचा पहिला दिवस आमच्या वाचनात आलेला नाही. वाचनात येते ती कुतुबमिनार पाहून परतलेल्यांची दिल्ली. ज्यांना लिहिता येते ते आठ दिवसांत परत जातात. जे राहतात त्यांना, लिहावयास सवड मिळेपर्यंत, येथले काही नवे वाटेनासे होते.

वस्तुतः पहिल्या दिवसाची सामग्री किती बारीक असते! मुंबईच्या वळणाचे हिंदी बोलणारा आमच्यासारखा मनुष्य वरिष्ठांना बिनदिक्कत 'तुम' म्हणतो, आणि खोलीत क्षणभर शांतता पसरते. चूक कोणी दाखवीत नाही. सायंकाळपर्यंत ती आपणच शोधावयाची. या एका सर्वनामात एका चांगल्या लेखाचा ऐवज आहे.

तो आम्ही का लिहिला नाही, असे कोणी विचारील. येथे आल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही घरी धाडलेले पत्र मातोश्रींनी जपून ठेवले होते. परवा ते काढून वाचले. चार पाने आहेत. थंडी, पाण्याची वेळ, खाणावळीतली डाळ, आणि लाल किल्ला. त्या सर्वनामाचा उल्लेख त्यात नाही. तेव्हा लाज वाटली असावी.