परीक्षणांतला कर्ता कोण?

चित्रपट पाहून आल्यावर ‘मला तो आवडला’ असें आपण सहज म्हणतों. या वाक्यांत क्रियापद चालतें तें चित्रपटाच्या लिंगवचनाप्रमाणें. पाहणारा चतुर्थी विभक्तींत बाजूस उभा असतो. स्पॅनिश भाषेची ठेवणही अशीच आहे. ‘मे गुस्तो ला पेलीकुला’ यांतील ‘मे’ म्हणजे ‘मला’. क्रियापद मात्र ‘पेलीकुला’ म्हणजे चित्रपट, त्याच्या वचनास धरून राहतें.

स्पॅनिशमध्यें ‘असणें’ या अर्थाचीं ‘सेर’ व ‘एस्तार’ अशीं दोन क्रियापदें आहेत. ‘आबुर्रीदो’ हें विशेषण पहिल्यासह आलें तर मनुष्य कंटाळवाणा, दुसऱ्यासह आलें तर कंटाळलेला. मराठींत हा भेद विशेषणानेंच सांभाळावा लागतो, आणि आमचे परीक्षक तो सांभाळीत नाहींत. ‘काळजाला भिडणारा’, ‘सुन्न करणारा’ हीं विशेषणें चित्रपटास लाविलीं जातात. पण तीं सांगतात पाहणाऱ्याची स्थिति.

प्रवीण तरडे यांचा २०१८ सालचा ‘मुळशी पॅटर्न’ घ्या. पुण्यालगतच्या या तालुक्यांत जमिनीस भाव येतो, शेतकरी ती विकतो, पैसा उडतो व मुलगा गुन्हेगारीकडे वळतो, अशी ही कथा. ती सुन्न करते हें खरें, पण कशानें? सांडलेल्या रक्तानें, कीं हातून सुटलेल्या मातीनें? आमच्या मतें चित्रपटाचें बळ मोहन जोशी यांनीं उभ्या केलेल्या बापाच्या लाचारींत आहे; शस्त्रांच्या खणखणाटांत तें विरतें. हा निवाडा कोणास न पटो. परंतु तो चित्रपटाविषयीं आहे, आमच्या काळजाविषयीं नाहीं.

कथासार सांगतांनाही हीच सावधगिरी हवी. ‘जमीन गेली’ हें वाक्य फार सोयीचें. त्यांत घेणारा नाहीं, देणाराही नाहीं. याच मुळशींत १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तेव्हां जमीन घेतली गेली. चित्रपटांतल्या बापानें ती विकली. दोन्हींस ‘गेली’ म्हटलें कीं ओम भूतकर यांनीं रंगविलेल्या मुलाचा बापावरील राग अनाकलनीय होतो, आणि सत्याग्रहींच्या प्रतिकारासही अर्थ उरत नाहीं.

म्हणून परीक्षकानें विशेषणांच्या राशीकडे वळण्यापूर्वीं क्रियापद निवडावें. कोणी काय केलें हें नेमकें सांगितलें, म्हणजे अर्धें परीक्षण झालेंच.