फोटोखालचे चित्र

१३ नोव्हेंबर १८६२ रोजी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजातील गणिताच्या एका तरुण अध्यापकाने आपल्या रोजनिशीत नोंद केली, की उन्हाळ्यात होडीत सांगितलेली गोष्ट अ‍ॅलिससाठी लिहून काढायला आज सुरुवात केली आहे आणि नाताळपर्यंत ती पुरी व्हावी अशी आशा आहे. तो नाताळ गेला, त्याच्या पुढचाही गेला. हाताने लिहिलेली, हाताने चित्रे काढलेली ती वही अ‍ॅलिसच्या हाती पडली २६ नोव्हेंबर १८६४ रोजी. लाडक्या मुलीला उन्हाळ्यातल्या एका दिवसाची आठवण म्हणून ही नाताळची भेट, अशा अर्थाची अर्पणपत्रिका आत आहे. या अर्पणपत्रिकेतला नाताळ मुळात ठरलेल्या नाताळापेक्षा दोन वर्षे उशिरा आला, एवढे मनात ठेवून पुढे जाऊ.

अध्यापक म्हणजे चार्ल्स लटविज डॉजसन, आपल्याला ठाऊक असलेला लुईस कॅरल. तो दिवस ४ जुलै १८६२. फॉली ब्रिजपासून गॉडस्टोपर्यंत होडी वल्हवत गेलेले डॉजसन आणि त्याचा मित्र रॉबिन्सन डकवर्थ. होडीत कॉलेजचे डीन हेन्री लिडल यांच्या तीन मुली, लोरिना, अ‍ॅलिस आणि एडिथ. अ‍ॅलिस तेव्हा दहा वर्षांची होती. पुढचे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते सोडून देतो.

या वहीविषयी जे लिहिले जाते त्यातले बहुतेक लेखन तिला कच्चा खर्डा समजते. छापील पुस्तकात १२ प्रकरणे, वहीत चार. वहीत वेड्यांची चहापार्टी नाही, हसणारे चेशायर मांजर नाही. तेव्हा ही वही म्हणजे पुस्तक होण्याआधीचे पुस्तक, असा हिशेब. खर्डा म्हणून ती खरोखरच तोकडी आहे, हे मी कबूल करतो. परंतु ती कुणाला तरी द्यायची वस्तू म्हणून केलेली होती, आणि वस्तू म्हणून तिच्याकडे पाहिले की हिशेब बदलतो. ९० पाने, ३७ चित्रे. अक्षर मुद्दाम छापल्यासारखे सुटे, मुलीला वाचता यावे म्हणून. मजकूर आधी लिहून चित्रांसाठी जागा मोकळ्या सोडल्या आणि त्या भरता भरता १८६४ चा सप्टेंबर उजाडला. प्राणी नीट काढता यावेत म्हणून त्याने लिडलांच्याच घरून निसर्गेतिहासाचे पुस्तक मागवले होते. चित्रकला हा त्याचा प्रांत नव्हता. रस्किनने त्याला, चित्रे काढण्यात फार वेळ घालवण्याइतकी तुझ्यात गती नाही, असे सांगितल्याचे त्याचा भाचा आणि चरित्रकार कॉलिंगवूड लिहितो. छापील पुस्तकाची चित्रे टेनियलची आहेत, व्यावसायिक हाताची. वहीतली चित्रे अडखळत काढलेली, कुठे मान लांब तर कुठे हात आखूड. मला ती जास्त आवडतात, पण ते बाजूला ठेवू.

भेटीत काहीतरी दडवून द्यायची डॉजसनची सवय या वहीआधीची आहे. १८६१ च्या नाताळला त्याने तिन्ही बहिणींना मिळून कॅथरिन सिंक्लेअरचे ‘हॉलिडे हाउस’ हे पुस्तक दिले. पुस्तक दुकानातले, पण आत त्याने स्वतः रचलेली १६ ओळींची कविता होती. ओळींची पहिली अक्षरे वरून खाली वाचत गेले की लोरिना, अ‍ॅलिस, एडिथ ही नावे लागतात. अक्षरांचे असले खेळ आपल्याला नवे नाहीत. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचताना ओठ मिटावे लागतील अशी अक्षरेच टाळली. पण पंतांचे कौशल्य देवापुढे आणि विद्वानांपुढे मांडायचे होते. डॉजसनचे कौशल्य तीन मुलींपुढे, ज्यांना ते सापडले तर टाळी वाजवायची होती. येथे लपवणे हे सापडण्यासाठीच आहे. नाव दडवले, कारण ते शोधताना मुलगी स्वतःलाच शोधते.

वहीतही असे बरेच आहे. अश्रूंच्या तळ्यातून बाहेर येणाऱ्या पक्ष्यांत एक बदक आहे, म्हणजे डकवर्थ. लोरी नावाचा पोपट म्हणजे लोरिना. गरुडाचे पिल्लू म्हणजे एडिथ. आणि डोडो म्हणजे स्वतः डॉजसन. (तो अडखळत बोलत असे आणि आपले आडनाव ‘डो-डो-डॉजसन’ असे उच्चारी, त्यावरून डोडो, ही कथा फार सांगितली जाते. तिला पुरावा नाही.) अ‍ॅलिस सारखी जिची आठवण काढते ती डायना ही लिडलांच्या घरची खरीखुरी मांजर.

याहून महत्त्वाचा एक प्रसंग आहे. १७ जून १८६२ रोजी, म्हणजे त्या प्रसिद्ध सहलीच्या अडीच आठवडे आधी, हीच मंडळी नदीवर गेली असताना जोराचा पाऊस आला. भिजलेल्या मुलींना डॉजसनने ओळखीच्या एका घरी नेऊन कपडे वाळवायची सोय केली. वहीत डोडो नेमके हेच करतो: भिजलेल्या अ‍ॅलिसला, लोरीला आणि पिल्लाला जवळच्या झोपडीत नेतो, तिथे सगळे शेकोटीपाशी घोंगडीत गुरफटून बसतात. छापील पुस्तकात हा भाग नाही. त्या जागी सगळ्यांनी गोल गोल धावायची आणि सगळ्यांनी जिंकायची ती शर्यत आली, साहित्य म्हणून कितीतरी सरस. झोपडीचा भाग परक्याने वाचला तर त्यात काहीच नाही. पण ज्या मुलीला ओले मोजे आठवत होते तिच्यासाठी तो परिच्छेद कुलूपबंद नव्हताच. किल्ली तिच्याच खिशात होती. डॉजसनने छापायला देताना हे बरोबर ओळखले आणि तो भाग काढून टाकला. खर्डा म्हणून वहीत जे सर्वांत फिके आहे, तेच भेट म्हणून सर्वांत भरलेले आहे. मधल्या दोन वर्षांत काय झाले ते पाहिले नाही, तर मात्र हे सगळे फार गोडगोड वाटण्याचा धोका आहे.

जून १८६३ च्या शेवटी डॉजसन आणि लिडल कुटुंब यांच्यात काहीतरी बिनसले. रोजनिशीतले त्या दिवसांचे पान कुणीतरी कापून काढले आहे. डॉजसन कुटुंबाच्या गिल्डफर्ड येथील कागदपत्रांत कापलेल्या पानांचा सारांश देणारी एक चिठ्ठी १९९६ मध्ये सापडली. तिच्यात म्हटले आहे की मुलींच्या आडून तो त्यांच्या शिक्षिकेशी सूत जमवतो आहे, असे लोक बोलतात आणि ‘इना’चेही नाव घेतात, हे लिडलबाईंनी त्याला सांगितले. त्यावर तेव्हापासून वाद चालू आहे. लहान मुलींशी जुळलेली त्याची मैत्री आणि त्यांचे त्याने काढलेले फोटो आजचा वाचक संशयाने पाहतो, तेही मला गैर वाटत नाही. पण आपल्या प्रश्नापुरती एक साधी नोंद अधिक बोलकी आहे. मे १८६४ मध्ये त्याने मुलींना नदीवर न्यायची परवानगी मागितली आणि लिडलबाईंनी नाही म्हटले; यापुढेही मुली येणार नाहीत, असे. वहीतली चित्रे अजून पुरी व्हायची होती. म्हणजे ज्या दिवसाची आठवण म्हणून वही द्यायची, तसा दिवस पुन्हा येणार नाही हे ठरल्यावर ती पुरी झाली.

दुसरी गोष्ट. गोष्ट एव्हाना एकट्या अ‍ॅलिसची राहिली नव्हती. १८६३ च्या मे महिन्यातच कादंबरीकार जॉर्ज मॅकडोनाल्डच्या घरी ती हस्तलिखितावरून वाचली गेली होती, आणि ती छापावी असा आग्रह तिथून झाला होता. १८६४ च्या एप्रिलमध्ये टेनियलने चित्रे काढायला होकार दिला. मॅकमिलन प्रकाशक ठरले. नोव्हेंबरमध्ये वही अ‍ॅलिसकडे गेली तेव्हा गोष्ट छापखान्याच्या वाटेला लागलेली होती. मग अ‍ॅलिसची म्हणून उरली काय? मजकूर नाही, तो सगळ्यांचा होणार होता. उरले ते शेवटचे पान.

त्या पानावर मजकूर संपतो तिथे, खाली, अ‍ॅलिसचा लंबगोल कापलेला छोटा फोटो डकवला आहे. डॉजसननेच काढलेला. १९७७ मध्ये मॉर्टन कोहेन या अभ्यासकाच्या लक्षात आले की फोटोखाली काहीतरी आहे. खाली अ‍ॅलिसच्या चेहऱ्याचे चित्र निघाले, डॉजसनच्या हातचे. एकशे तेरा वर्षे ते झाकलेले होते.

तेव्हापासून या चित्राभोवती कुजबूज सुरू झाली. दडवलेले प्रेम, गुप्त कबुली, वगैरे. नावे दडवणारा माणूस, डोडोच्या पोटात स्वतःला दडवणारा माणूस. मग त्याने चेहराही दडवलाच असणार, असा हा तर्क. मला तो पटत नाही, आणि न पटण्याचे कारण पुस्तकी नाही.

मी विशीत असताना एका छापखान्यात पेस्टिंगचे काम करत असे. ऑफसेटचे दिवस होते. मजकुराचा ब्रोमाइड निघायचा, तो कापून पानावर चिकटवायचा. एखादी ओळ चुकलेली आढळली की दुरुस्त ओळीचा बारीक तुकडा कापून चुकीच्या ओळीवर डकवायचा. दिवसाला असे शेकडो तुकडे मी लावले असतील. त्या कामाने एक गोष्ट बोटांत बसली: पानावर ठिगळ दिसले की खाली चूक आहे. रहस्य नव्हे, चूक. किंवा करणाऱ्याला जी चूक वाटली ती.

वही उघडून पाहा (ब्रिटिश लायब्ररीने तिची पाने पडद्यावर पाहता येतील अशी सोय केल्यापासून माझ्यासारख्यालाही ते शक्य झाले). चित्रांतली गोष्टीची नायिका लांब, मोकळ्या, लाटालाटांच्या केसांची आहे, त्या काळच्या प्री-रॅफेलाइट चित्रकारांच्या वळणाची. खऱ्या अ‍ॅलिसचे केस आखूड, काळेभोर, कपाळावर झालर. म्हणजे पानोपानी जी मुलगी आहे ती भेट घेणारी मुलगी नाहीच. तिला काढायची वेळ फक्त शेवटच्या पानावर आली, आणि तिथे हात तोकडा पडला. डॉजसनला पेन्सिल वश नव्हती, कॅमेरा होता. १८५६ पासून तो फोटो काढत होता आणि त्यात तो उत्तम होता. जे हाताला जमले नाही त्यावर त्याने जमलेले डकवले. हे असे घडले असावे, ही माझी वाचनातली समजूत आहे. पण चार्ल्स डॉजसनने सापडावे म्हणून जे जे लपवले त्यासाठी त्याने वाट ठेवली: पहिली अक्षरे, पक्ष्यांची नावे, घरातली मांजर. या चित्राकडे जाणारी वाट वहीत कुठेही नाही. जिला शोधायला काहीच सांगितलेले नाही तिच्यासाठी तो निरोप कसा?

निरोप असलाच तर तो वरच्या फोटोत आहे, उघड्यावर. फोटोतली मुलगी सात-आठ वर्षांची आहे. वही हाती घेणारी अ‍ॅलिस १२ वर्षांची होती. होडीतली दहाची. म्हणजे शेवटच्या पानावर त्याने अ‍ॅलिसला जी ‘अ‍ॅलिस’ दिली ती होडीतल्या दिवसाच्याही आधीची होती. वही दिल्यानंतर सहा महिन्यांनी, मे १८६५ मध्ये, ती त्याला भेटली तेव्हा त्याने रोजनिशीत लिहिले, की ती बरीच बदललेली दिसते आणि हा बदल फारसा चांगला नाही. हे वाचताना मला अ‍ॅलिससाठी वाईट वाटते. आपल्याला मिळालेल्या भेटीतच आपल्या वाढण्याबद्दलची कुरकुर आहे, हे १२ वर्षांच्या मुलीला कळले नसेल असे समजायचे कारण नाही. मुलींना हे चटकन कळते.

पुढे त्याने अक्षरांत नावे दडवणे सोडले नाही. १८७१ च्या नाताळाच्या सुमारास आलेल्या आरशातल्या अ‍ॅलिसच्या गोष्टीअखेर २१ ओळींची कविता आहे. पहिल्या अक्षरांतून अ‍ॅलिस प्लेझन्स लिडल हे पुरे नाव. ही कविता मला त्याची उत्तम कविता वाटते, कारण त्यात नावाला कारण आहे. त्यानंतर ‘स्नार्क’मध्ये गरट्रूड चॅटवे (१८७६), ‘सिल्व्ही अँड ब्रूनो’त आयसा बोमन (१८८९), त्याच्या उत्तरार्धात एनिड स्टीव्हन्स (१८९३), तेही पहिल्या नव्हे तर प्रत्येक ओळीच्या तिसऱ्या अक्षरात. तिसऱ्या अक्षरापर्यंत जाईतो खेळ मुलीसाठी राहिला नव्हता. हजारोंनी छापलेल्या पुस्तकात एकीचे नाव असे लपवणे म्हणजे गर्दीत मोठ्याने कुजबुजणे. १८६१ च्या नाताळला तीन मुलींच्या पुस्तकात हाताने लिहिलेल्या १६ ओळी त्या सगळ्यांहून साध्या आहेत आणि मला त्या जास्त खऱ्या वाटतात.

१८८५ मध्ये, मिसेस हारग्रीव्हज झालेल्या अ‍ॅलिसला पत्र लिहून डॉजसनने ती वही प्रतिकृती छापण्यासाठी मागून घेतली. प्रतिकृती १८८६ मध्ये निघाली. तिची एक प्रत त्याने डकवर्थला पाठवली, डोडोकडून बदकाला, असे लिहून. पुस्तक सगळ्यांचे झाल्यावर २० वर्षांनीही ती थट्टा दोन म्हाताऱ्या होऊ घातलेल्या माणसांत जिवंत होती.

अ‍ॅलिसने वही ६४ वर्षे जपली. तीन मुलगे, त्यांतले दोन पहिल्या महायुद्धात गेले. १९२६ मध्ये पती वारले. ३ एप्रिल १९२८ रोजी लंडनला सदबीजच्या लिलावात तिने वही विकली; १५,४०० पौंड आले. रोझेनबाख या अमेरिकन ग्रंथविक्रेत्याने ती घेतली आणि ग्रामोफोनच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या एल्ड्रिज जॉन्सनला विकली. जॉन्सनच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये काही अमेरिकनांनी वर्गणी काढून ५०,००० डॉलरना ती पुन्हा विकत घेतली आणि १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश म्युझियमला परत दिली, हिटलरला थोपवून धरल्याबद्दल कृतज्ञता म्हणून. तारीख होती १३ नोव्हेंबर, डॉजसनने लिहायला बसून नेमकी ८६ वर्षे झाली तो दिवस. फोटो तेव्हाही आपल्या जागी डकवलेलाच होता.