‘स्मृतिचित्रे’तील सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे मराठी वाङ्मयातील स्थान वादातीत आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची समीक्षा मात्र बहुधा निवेदनातील साधेपणा, विनोद आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचा लहरी स्वभाव यांभोवतीच फिरत राहिली. ग्रंथातील नैतिक विचार त्यामुळे काहीसा दुर्लक्षित राहिला. धर्मांतर ही येथे केवळ घटना नाही. दोन माणसांच्या सदसद्विवेकबुद्धी एकाच घरात एकमेकींसमोर उभ्या ठाकल्याची ती कथा आहे. प्रस्तुत लेखात त्या अंगाने ग्रंथाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी बायबलमध्ये ‘सदसद्विवेकबुद्धी’ म्हणून जी संकल्पना येते, तिच्यासाठीच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सह-जाणीव’ असा आहे. माणसाच्या कृतीबरोबरच तिला साक्षी असलेली जाणीव, असा त्याचा आशय. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ही साक्ष नियमशास्त्र न लाभलेल्यांच्याही अंतःकरणात मानली आहे. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने तर चुकलेली बुद्धीही माणसाला बांधून ठेवते, असे प्रतिपादन केले. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. मनाला साक्षी ठेवून लोकमताकडे पाठ फिरविणारे तुकोबा आपल्या परिचयाचे आहेत. त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आपल्याच जुन्नर तालुक्यात ओतूर येथे दाखविली जाते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत, हेही येथे लक्षात घ्यावे.

टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाकडून नवा करार मिळाला. गिरिप्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात न घेता उचललेल्या या पावलाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पंढरपूरचे दिवस, नातलगांचा आधार आणि धाक, समाजाच्या नजरा यांचे वर्णन त्यांनी तक्रारीचा सूर न लावता केले आहे. वर्गात हा भाग शिकविताना विद्यार्थिनी हटकून विचारतात, ‘टिळकांनी बुद्धीला स्मरून केले, मग लक्ष्मीबाईंचे काय?’ प्रश्न रास्त आहे. ‘मी माझ्या बुद्धीशी प्रामाणिक राहिलो’ हे उत्तर स्वतःपुरते पुरेसे असेल, दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब त्याने मिटत नाही. टिळकांच्या चरित्रकारांनी या ठिकाणी घाई केली आहे, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

तथापि चित्राची दुसरी बाजूही आहे. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरितास, जोडीदार त्या कारणास्तव नांदण्यास तयार नसेल तर, विवाहविच्छेद मागता येत होता. टिळकांनी तो मार्ग अवलंबिला नाही. पुढे दोघे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे, वेगळी चूल व वेगळे पाणी त्यांनी चालू राहू दिले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल नेमक्या अन्नाच्याच प्रश्नावर सांगतो, की ज्याला मोकळीक लाभली आहे त्याने दुसऱ्याच्या बुद्धीला ठेच पोहोचवू नये. बाप्तिस्म्याच्या वेळी जे टिळकांना साधले नाही, ते स्वयंपाकघरात साधले, असे म्हणता येईल.

ग्रंथातील खरा मर्मबिंदू यानंतर येतो. माणसे देवाने निर्माण केली, पण जातीही त्यानेच केल्या काय, या विचाराशी लक्ष्मीबाई एकट्याच येऊन पोहोचतात आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करतात. जात आधी सुटली; बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये झाला. हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. येथे सिद्धान्ताने बुद्धीला वळण दिलेले नाही, बुद्धीनेच सिद्धान्ताची वाट मोकळी केली. पौलाने ज्या अंतःकरणातील साक्षीविषयी लिहिले, तिचे मराठीत याहून घरगुती उदाहरण शोधून सापडणार नाही. लेखिका मात्र एवढ्या मोठ्या उलथापालथीला फार थोडी जागा देतात. विनोदी प्रसंग रंगविणारी लेखणी येथे आखडते, ही ग्रंथाची उणीवच मानावी लागेल.

पंडिता रमाबाईंशी तुलना केल्यास हा फरक अधिक ठळक होतो. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रमाबाई चर्चच्या अधिकारापुढे आपली बुद्धी गहाण टाकण्यास स्पष्ट नकार देतात. त्यांचा झगडा संस्थेशी होता, त्यामुळे त्याला वादविवादाची भाषा मिळाली. लक्ष्मीबाईंचा झगडा नवऱ्याशी, माहेराशी आणि हातातल्या पाण्याच्या तांब्याशी होता. त्याला अशी भाषा उपलब्धच नव्हती.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. मिशनचा पगार घेऊन ख्रिस्ताची सेवा करणे त्यांच्या मनाला पटेना. निर्णय पुन्हा त्यांचाच होता आणि झळ पुन्हा घराला लागणार होती. पण या वेळी समोरच्या लक्ष्मीबाई १८९५ च्या राहिल्या नव्हत्या. आपल्या बुद्धीने चालणे म्हणजे काय असते, हे तोपर्यंत त्यांनीही स्वतः अनुभवले होते.