रत्नांचा भाव आणि एकटा शिपाई

व्हिडिओ गेमचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कां यावें, अशी शंका कांहीं वाचकांच्या मनांत येईल. तिला उत्तर इतकेंच कीं, ज्या कृतींत माणसें वर्षानुवर्षें मन गुंतवितात आणि जिच्या नियमांतून जगाकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टि व्यक्त होते, ती कृति टीकेच्या कक्षेबाहेर ठेवतां येत नाहीं. न्यू वर्ल्ड कंप्यूटिंग या अमेरिकन कंपनीनें तयार केलेला व १९९९ सालीं प्रसिद्ध झालेला ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ या मालेंतील तिसरा खेळ अशा योग्यतेचा आहे. मुलगा संगणकापुढें बसून राक्षसांच्या झुंजी लावीत आहे, एवढेंच दुरून पाहणाऱ्यास दिसतें. वस्तुतः त्याचा बराचसा वेळ हिशेब करण्यांत जात असतो.

हा हिशेब सात द्रव्यांचा आहे: लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक, रत्नें आणि सोनें. सोन्यावांचून कांहीं घडत नाहीं. पण नुसत्या सोन्यानेंहि भागत नाहीं. एक देवदूत सैन्यांत घ्यावयाचा तर ३००० सोनें आणि वर एक रत्न मोजावें लागतें. तांबड्या ड्रॅगनासाठीं गंधक हवा. शिवाय एका नगरांत दिवसाला एकच इमारत उभारतां येते, आणि नव्या सैनिकांची भर आठवड्याच्या आरंभींच पडते. म्हणजे सातांखेरीज काळ हें आठवें द्रव्य आहे, आणि तें कोणत्याहि बाजारांत मिळत नाहीं. खेळाची खरी रंगत या योजनेंत आहे.

बाजाराची रचना मात्र विचार करण्याजोगी आहे. खेळाडूच्या राज्यांत एकच बाजार असेल तर एक रत्न घेण्यास ५००० सोनें पडतें. तेंच रत्न विकावयास काढलें तर हातीं येतात अवघे ५०. नगराच्या प्रारंभींच्या सभागृहाचें रोजचें उत्पन्न ५०० असतें हें ध्यानीं घेतलें म्हणजे एका रत्नापायीं दहा दिवसांची मिळकत जाते असें दिसून येईल. नगरें जिंकून बाजार वाढवीत गेल्यास भाव सुधारतात. नऊ बाजार झाले कीं खरेदी १००० वर उतरते व विक्री २५० वर चढते. यामुळें खेळाडू घरीं न बसतां खाणी जिंकण्यास बाहेर पडतो, हा या योजनेचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु याला व्यापार म्हणणें कठीण आहे. येथें दुकानदार नाहीं, घासाघीस नाहीं, सुकाळ-दुष्काळ नाहीं. अडलेल्या दुबळ्यास महाग आणि माजलेल्या बलवंतास स्वस्त, एवढा एकच नियम येथें चालतो. हा नियम अगदींच काल्पनिक आहे असें मात्र कोणी म्हणूं नये.

रणांगणावर याच हिशेबाचें दुसरें रूप दिसतें. तेथें १६५ षट्कोनी घरें असून प्रत्येक पक्षास फार तर सात तुकड्या मांडतां येतात. बुद्धिबळांत मारलें गेलेलें मोहरें मुकाट्यानें पटाबाहेर जातें. येथें मार खाऊन उरलेली तुकडी उलट प्रहार करते, पण बहुधा एका फेरींत एकदांच. या एका नियमांतून खेळांतील उत्तम डावपेच निघाले आहेत. कसलेला खेळाडू एकच शिपाई वेगळा काढून त्याची स्वतंत्र तुकडी करतो आणि त्याला शत्रूच्या प्रबळ तुकडीवर प्रथम पाठवितो. शत्रूचा प्रत्याघात त्या गरिबावर खर्च होतो. मागून येणारें मुख्य सैन्य मग निर्धास्तपणें वार करतें. युक्ति बिनतोड आहे. मात्र देवदूतासाठीं जसें रत्न मोजलें, तसाच हा शिपाई मोजला गेला.

बुद्धिबळांत प्यादें बळी देत नाहींत काय, असें कोणी विचारील. देतात, पण बुद्धिबळ शौर्याची कथा सांगत नाहीं. हा खेळ ती सांगतो. पित्याच्या अंत्यसंस्कारासाठीं स्वदेशीं परतणारी राणी कॅथरिन, तिचें उद्ध्वस्त राज्य, त्यासाठीं लढणारे वीर, असा मोठा थाट त्यांत आहे. पण त्या वीरांना नियम काय देतात तें पाहावें. हरत आलेला नायक सारें सैन्य मरणाच्या तोंडीं टाकून पळून जाऊं शकतो, आणि पुढें मद्यगृहांत २५०० सोनें मोजलें कीं पुन्हां चाकरीस हजर होतो! प्रेतनगरीच्या नायकांची तर याहून पुढें मजल आहे. लढाई संपली कीं पडलेल्यांपैकीं कांहीं सांगाडे होऊन त्यांच्याच सैन्यांत दाखल होतात. तेथें मरण ही केवळ किंमत राहत नाहीं, तें उत्पन्न होऊन बसतें.

कथा एक बोलते आणि नियम दुसरेंच शिकवितात, हा आमच्या मतें या कृतीचा मुख्य दोष होय. नियमांची बांधणी इतकी सुरेख आहे कीं, कथेचा कैवार घेण्याचें कारण उरत नाहीं; टंचाई, वेळ आणि बलिदान यांचें गणित इतक्या स्वच्छपणें मांडणारे खेळ थोडे. तो मुलांच्या हातून काढून घ्यावा असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र लढाईच्या शेवटीं मृतांचे आंकडे पडद्यावर येतात, तेव्हां वडील माणसांनीं क्षणभर शेजारीं बसावें आणि पुढें धाडलेला तो एकटा शिपाई त्यांत कोठें आहे, एवढें मुलास विचारावें.