स्मृतीचे पुनर्वसन आणि त्याचे मोजमाप : मल्टिपल स्क्लेरोसिसविषयक पुराव्याची एक चिकित्सा

मल्टिपल स्क्लेरोसिसने पीडित झालेल्या माणसांच्या स्मृतीचे पुनर्वसन शक्य आहे काय, या प्रश्नाला कॉक्रेन या संस्थेच्या समालोचनांनी तीन वेळा उत्तर दिले आणि तिन्ही वेळा ते निराळे दिले. २०१२ सालच्या पहिल्या समालोचनात ८ प्रयोगांतील ५२१ व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली व अशा उपायांच्या परिणामकारकतेला आधार सापडत नाही, असा निर्णय देण्यात आला. २०१६ साली प्रयोगांची संख्या १५ व व्यक्तींची ९८९ झाली. या वेळी स्मृतीच्या कसोट्यांवर व जीवनमानावर काही इष्ट परिणाम दिसतो, परंतु रुग्णाच्या स्वतःच्या अनुभवात अथवा मनःस्थितीत तो उतरत नाही, असे सांगण्यात आले. टेलर, लिंकन, दास नायर व त्यांचे सहकारी यांच्या २०२१ सालच्या समालोचनात ४४ प्रयोग व २७१४ व्यक्ती समाविष्ट झाल्या. उपचारानंतर काही महिन्यांनी केलेल्या तपासणीत शाब्दिक स्मृती, माहिती हाताळण्याचा वेग, कार्यकारी स्मृती व जीवनमान यांत लाभ आढळतो, आणि रुग्णाला स्वतःला जाणवणाऱ्या स्मृतीतही तो आढळतो, असा या वेळचा निष्कर्ष होय.

पुरावा वाढला म्हणून निर्णय बदलला, असे याचे सरळ स्पष्टीकरण देता येईल. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या तिन्ही समालोचनांच्या मुळाशी ‘स्मृती सुधारली’ या शब्दप्रयोगाचा अर्थ काय, हा प्रश्न आहे, आणि तो प्रयोगांची संख्या वाढविल्याने सुटणारा नाही.

१

या व्याधीत मेंदू व पृष्ठरज्जू यांतील मज्जातंतूंवरचे मायेलिनचे वेष्टन जागोजागी नष्ट होते. पुढे तंतूंचीही हानी होते व संदेशवहन मंदावते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को याने १८६८ साली या व्याधीचे जे विवेचन केले, त्यात स्मृतीचे दौर्बल्य व कल्पनांची मंदगती यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तथापि पुढील शंभर वर्षांत वैद्यकाचे लक्ष प्रामुख्याने चालणे, दृष्टी व हातापायांचे बळ यांवरच राहिले. स्टीफन राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ही उपेक्षा संपविली. समाजात वावरणारे १०० रुग्ण व त्यांच्याशी वय, शिक्षण इत्यादी बाबतींत मिळत्याजुळत्या १०० निरोगी व्यक्ती यांची तुलना त्यांनी केली. बौद्धिक कसोट्यांवर ४८ रुग्ण व ५ निरोगी व्यक्ती कमी पडल्या, आणि त्यावरून सुमारे ४३ टक्के हे प्रमाण काढण्यात आले.

या संशोधनाचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. बौद्धिक वैकल्य असलेले व नसलेले रुग्ण शारीरिक अपंगत्वाच्या दृष्टीने सारखेच होते. तरीही पहिल्या गटातील माणसे नोकरीत टिकलेली कमी आढळली व समाजातील त्यांचा वावरही आकुंचित झालेला दिसला. ज्यांचे पाय चालतात त्यांचे जीवनही विस्मरणामुळे अडते, हे त्यातून सिद्ध झाले. स्मृतीच्या पुनर्वसनाचा प्रश्न चाकरी, संसार आणि स्वावलंबन यांच्याशी निगडित आहे, तो यामुळेच.

२

मराठीत ‘लक्षात घेणे’, ‘लक्षात राहणे’ व ‘आठवणे’ हे तीन शब्दप्रयोग आहेत. बोलताना त्यांची सरमिसळ होते, पण मानसशास्त्र ज्यांना ग्रहण, धारणा व प्रत्यावाहन म्हणते त्या तीन पायऱ्या या शब्दांत नेमक्या उतरल्या आहेत. रुग्णाची तक्रार बहुधा ‘आठवत नाही’ अशी असते, आणि प्रारंभीच्या संशोधकांचाही कल दोष प्रत्यावाहनात आहे असे मानण्याकडे होता. साठविलेले आहे, पण काढता येत नाही, अशी ती कल्पना.

जॉन डीलूका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली या कल्पनेस हादरा दिला. शब्दांची यादी ठराविक वेळा ऐकवून नंतर ती विचारण्याची रूढ पद्धत त्यांनी बाजूस ठेवली. यादी पूर्णपणे पाठ होईपर्यंत ती पुनःपुन्हा देण्यात आली. त्यासाठी रुग्णांना निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक आवर्तने लागली, परंतु एकदा यादी पक्की झाल्यावर अर्ध्या तासाने व दीड तासाने घेतलेल्या परीक्षेत दोन्ही गट बरोबरीचे ठरले. म्हणजे दोष प्रामुख्याने ‘लक्षात घेण्या’च्या पायरीवर आहे. प्रत्यावाहनाचा वाटा यामुळे शून्य ठरत नाही, आणि माहिती हाताळण्याच्या मंदगतीचा ग्रहणावर होणारा परिणामही वेगळा काढणे कठीण आहे. तरी उपायाची दिशा मात्र या निष्कर्षाने बदलते. दोष जर आत शिरण्याच्या दारातच असेल, तर कोठाराची झडती घेऊन काय उपयोग?

३

या दिशेने जाणारा सर्वांत सुव्यवस्थित उपाय म्हणजे अमेरिकेतील न्यू जर्सी येथील केसलर प्रतिष्ठानात विकसित झालेले कथास्मरणाचे तंत्र होय. नॅन्सी किआराव्हालोटी व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली २८ रुग्णांवर त्याचा प्रयोग केला व २०१३ साली ८६ रुग्णांवरील ‘मेमरिहॅब’ हा प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोन अशा दहा बैठकी त्यात होत्या. पहिल्या चार बैठकींत कथेतील शब्दांचे मनश्चक्षूंपुढे चित्र उभे करावयास शिकविले जाते. नंतरच्या चार बैठकींत परस्परांशी संबंध नसलेले शब्द स्वतः कथेत गुंफावयाचे असतात. शेवटच्या दोन बैठकींत हीच रीत बाजारहाटाची यादी, वाटेच्या खुणा अशा नित्याच्या गोष्टींस लावली जाते. तुलनेसाठी घेतलेल्या गटास त्याच कथा वाचावयास देऊन त्यांवर प्रश्न विचारण्यात आले, परंतु तंत्र शिकविण्यात आले नाही. ही योजना विशेष महत्त्वाची आहे. उपचारकाचा सहवास व त्याची आस्था यांचा परिणाम दोन्ही गटांवर सारखाच होऊन उरलेला फरक तंत्राचा म्हणता येतो.

प्रशिक्षित गटाची शब्दयादी शिकण्याची गती वाढली. नित्यव्यवहारातील स्मृतीच्या वस्तुनिष्ठ कसोटीवरही लाभ दिसला, आणि शब्दयादीतील सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकून होती. या प्रयोगाचे बळ त्याच्या संकुचितपणात आहे. एक दोष, एक तंत्र व त्या दोषासच भिडणारी कसोटी अशी त्याची रचना आहे.

याउलट ब्रिटनमधील ‘क्रॅम्स’ या प्रयोगाचा विस्तार मोठा आहे. लिंकन, दास नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४९ रुग्ण त्यात घेतले. त्यांपैकी २४५ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर लहान गटांतून दहा साप्ताहिक बैठकी मिळाल्या व २०४ जणांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. ग्रहणाचा सराव, स्मरणाच्या युक्त्या, टिपणवही व दूरध्वनी यांसारखी बाह्य साधने असा मिश्र पाठ तेथे दिला गेला. यशाची मुख्य कसोटी म्हणून व्याधीचा मनावर होणारा आघात मोजणारी प्रश्नावली योजण्यात आली. बारा महिन्यांनी तिच्यावर वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाचा फरक आढळला नाही. बौद्धिक कसोट्यांवरही तो आढळला नाही. मात्र नित्याच्या विस्मरणाच्या प्रसंगांत, रुग्णांच्या व त्यांच्या आप्तांच्याही सांगण्यानुसार, अल्पशी घट झाली.

४

या दोन प्रयोगांपैकी एक यशस्वी व एक अयशस्वी, असे म्हणून थांबणे म्हणजे त्यांचा अर्थच हरवून बसणे होय. पहिल्याने स्मृती मोजली, तर दुसऱ्याने प्रामुख्याने मनाची अस्वस्थता मोजली. दुसऱ्या निवडीमागे तर्क होता. रुग्णाच्या जीवनात फरक पडत नसेल तर यादीतील दोन शब्द अधिक आठवून काय साधते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु टिपणवही नीट ठेवावयास शिकलेल्या माणसाची चिंता तेवढ्याने ओसरलीच पाहिजे, ही अपेक्षा त्याहून कितीतरी मोठी आहे. ज्या व्याधीत उद्याचा दिवस कसा उगवेल याची शाश्वती नसते, तीत मनःस्थितीची कारणे विस्मरणापलीकडेही पुष्कळ असतात.

बाह्य साधनांच्या बाबतीत तर कसोटी व उपाय यांचा उघड विसंवाद आहे. टिपणवहीने स्मृती बळकट होत नाही, तिचे काम हलके होते. ती वापरून औषधाची वेळ न चुकविणारा रुग्ण, वही बाजूस ठेवावयास लावणाऱ्या कसोटीत जसाच्या तसा राहील. कुबडी काढून घेऊन पायाचे बळ मोजावे आणि कुबडी निरुपयोगी ठरवावी, तशातला हा प्रकार आहे.

मग रुग्णाचे स्वतःचे सांगणे प्रमाण मानावे काय? येथेही सावधगिरी हवी. राल्फ बेनेडिक्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीविषयक संशोधनात, रुग्णाची स्वतःविषयीची तक्रार त्याच्या विषण्णतेशी अधिक जुळते व आप्तांचे निरीक्षण कसोटीतील कामगिरीशी अधिक जुळते, असे दिसून आले. म्हणून ‘क्रॅम्स’मधील आप्तांच्या साक्षीस वजन आहे. परंतु कोणास उपचार मिळाला हे आप्तांनाही ठाऊक होते, तेव्हा ते वजनही मर्यादितच. २०२१ च्या समालोचनाने दिलेला इशारा येथे लागू पडतो. पक्षपाताचा धोका अधिक असलेल्या प्रयोगांत इष्ट परिणाम फुगलेले आढळतात.

समालोचनाच्या पद्धतीची मर्यादाही येथेच दिसते. संगणकावरील सराव, कथातंत्र व टिपणवहीचे शिक्षण यांच्या परिणामांची एकत्र सरासरी काढली, तर जो आकडा येतो तो यांपैकी कोणत्याच उपायाचा नसतो. पुनर्वसन या नावाखाली दोन भिन्न हेतू नांदतात : स्मृतीस पूर्ववत् करणे आणि तिच्या उणिवेसह जगणे सुकर करणे. पहिल्याची परीक्षा कसोटीगृहात व दुसऱ्याची घरी, कचेरीत व बाजारात घ्यावयास हवी. हा विवेक प्रयोग आखतानाच झाला पाहिजे. समालोचकास तो मागाहून करता येत नाही.

५

मराठी भाषक रुग्णांसाठी हे कार्य हाती घ्यावयाचे तर याच विवेकापासून आरंभ करावा लागेल. शब्दयाद्यांचे केवळ भाषांतर पुरणार नाही. शब्दाची लांबी, प्रचार व चित्रमयता भाषेगणिक बदलते, आणि कथातंत्राचा सारा भार तर चित्रमयतेवरच आहे. आपल्याकडील पाठांतराची जुनी शिस्त येथे उपयोगी पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि डीलूका यांच्या प्रयोगात आवर्तनांनी उणीव भरून निघालीच होती. परंतु लवकर थकणाऱ्या रुग्णाला पाढ्यांसारखी घोकंपट्टी पेलणारी नाही. तेच काम अर्थ व चित्र यांच्या आधारे थोडक्या श्रमात साधणे, हे कथातंत्राचे वैशिष्ट्य होय. टिपणवहीचा उपाय साक्षरतेवर व रोजच्या लेखनाच्या सवयीवर अवलंबून आहे, हेही विसरता कामा नये.

सारांश, आजचा पुरावा निराशाजनक नाही आणि उत्साहाने वाहून जाण्याजोगाही नाही. ग्रहणाच्या दोषावर नेमका बेतलेला उपाय शिकण्याची शक्ती वाढवितो. मिश्र स्वरूपाचे शिक्षण नित्याचे विस्मरण थोडेसे कमी करते, पण मनाचे ओझे उतरविते असे सिद्ध झालेले नाही. हे लाभ लहान आहेत. तथापि चुलीवर ठेवलेले दूध, डॉक्टरांनी दिलेली वेळ, कचेरीत सांगितलेले काम अशा लहान गोष्टींवरच माणसाचे स्वावलंबन उभे असते. पुढील संशोधनाने या गोष्टी मोजावयास शिकले पाहिजे. तोवर कॉक्रेनच्या चौथ्या समालोचनाचे उत्तरही पहिल्या तिन्हींप्रमाणे निराळे येण्याचाच संभव अधिक.